सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी

शेतकरी मंडळी, उद्या सकाळी धार काढून किटली घेऊन डेअरीवर जाल, तेव्हा घाई करू नका. पाच मिनिटं बाजूला उभं राहून बघा. दुधाचा नमुना कोण काढतो? नमुन्याच्या बाटलीवर तुमचा खातेनंबर आहे का? फॅट किती लागली ते आकडे तुम्हाला दिसतात, की नुसतेच कानावर येतात? उरलेल्या नमुन्याचं दूध कुठं जातं? आणि वहीत लिहिणारा माणूस कुणाच्या पगारावर आहे?

तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय, रोजचंच आहे. पण जरा हिशेब करा. समजा गावात रोज दोन हजार लिटर दूध गोळा होतं आणि सरासरी तीस रुपये दर पडतो. म्हणजे रोजचे साठ हजार आणि वर्षाचे दोन कोटी एकोणीस लाख. बहुतेक गावांच्या ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी मिळूनही याच्या जवळपास जात नाही. म्हणजे गावातला सगळ्यात मोठा धंदा एका पत्र्याच्या खोलीत, एका टेबलावर, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालतो. सरपंच, ग्रामसेवक, सोसायटीचे चेअरमन या सगळ्यांनी हे ध्यानात घ्यावं. व्यवस्थापन म्हटलं की आपल्याला शहरातल्या काचेच्या इमारती आठवतात. आज ज्या व्यवस्थापनाबद्दल सांगायचं आहे, त्याची सुरुवात एका अशाच टेबलावर झाली. ते टेबल गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातलं.

आणंद आणि अमूल ही नावं तुम्ही ऐकलेली आहेत. लोणीही खाल्लेलं आहे. सहकाराच्या प्रत्येक मेळाव्यात वक्ते अमूलचं नाव घेतात आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. तिथं नेमकं काय केलं, हे मात्र फार थोडे सांगतात. ते आपण नीट बघू.

पोलसनचा मक्ता

१९४५ सालची गोष्ट. त्या वेळी खेडा जिल्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. मुंबई शहराला चांगलं दूध मिळावं म्हणून सरकारनं एक योजना काढली. सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून दूध तापवून, थंड करून रेल्वेनं मुंबईला न्यायचं ठरलं. आणंदमध्ये पोलसन नावाची खासगी डेअरी होती. तिचं लोणी मुंबईत नावाजलेलं. दूध गोळा करण्याचा मक्ता पोलसनला मिळाला. मुंबईकर खूश, सरकार खूश, पोलसन खूश. म्हैस पाळणाऱ्याच्या हातात मात्र काही वाढीव पडेना. पोलसनचे हस्तक गावोगाव दूध घ्यायचे, दर तेच ठरवायचे आणि मापही त्यांचंच.

इथं दुधाची खोड लक्षात घ्या. कांदा चाळीत ठेवता येतो, कापूस घरात भरून ठेवता येतो, तूर बाजार बघून काढता येते. दूध चार तासांत विकलं नाही तर नासलं. म्हणून दूधवाल्याइतका अडलेला शेतकरी दुसरा नाही, आणि घेणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

खेड्याचे शेतकरी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. सरदारांचं म्हणणं स्पष्ट होतं. आपली संस्था काढा, आपलं दूध आपण विका. त्यासाठी संप करावा लागेल, त्यात काही दिवस नुकसान होईल, ते सोसायची तयारी असेल तरच पुढं या. नुकसानीची गोष्ट त्यांनी आधीच सांगितली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे आंदोलनाच्या आधी फायदे सांगतात आणि नुकसान नंतर कळतं. सरदारांनी मोरारजी देसाईंना पाठवलं. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली. ठराव असा, की गावोगाव दूध संस्था काढायच्या, त्यांचा मिळून आणंदला एक संघ करायचा आणि सरकारनं त्या संघाकडूनच दूध घ्यायचं. सरकारनं नकार दिला. मग पंधरा दिवस खेड्यातून पोलसनला दूध गेलं नाही आणि मुंबईची योजना बंद पडायची वेळ आली. अखेर मुंबईच्या दूध खात्याचे साहेब स्वतः आणंदला आले आणि मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली.

संप जिंकला म्हणजे धंदा जमला, असं होत नाही. जून १९४८ मध्ये संघानं दूध तापवायला सुरुवात केली, तेव्हा गावच्या संस्था होत्या दोन आणि दूध होतं रोजचं अडीचशे लिटर. आज तुमच्या गावातला एखादा मोठा गोठेवाला एकटा तेवढं घालत असेल. वर्ष संपता संपता चारशे बत्तीस उत्पादक आणि रोजचं पाच हजार लिटर झालं.

टेबलावरचा कायदा

एवढ्या थोड्या काळात लोक का आले? दर जास्त दिला म्हणून, असं कुणी म्हणेल. दराचा वाटा होताच. पण पोलसनलाही चार दिवस दर वाढवून संस्था फोडता आली असती. माझ्या मते माणसं धरून ठेवली ती टेबलावरच्या चार-पाच रीतींनी. आजच्या भाषेत यालाच नवा शोध म्हणायचं. त्याला यंत्र लागलं नाही.

पहिली रीत, सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी आणि संध्याकाळच्या दुधाचे दुसऱ्या सकाळी. रोखीनं. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घराला याची किंमत सांगावी लागत नाही. ज्याच्या घरी एकच म्हैस, जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी, त्याला दिवसातून दोनदा हातात रोकड मिळू लागली. आपल्याकडे दहा दिवसांचं बिल असतं. ते पंधराव्या दिवशी मिळतं. मधल्या काळात उत्पादकाचे पैसे डेअरीवाला वापरतो, बिनव्याजी. वरच्याच हिशेबानं, दोन हजार लिटरच्या गावात पंधरा दिवसांचे नऊ लाख रुपये होतात. म्हणजे संस्थेला किंवा संकलनवाल्याला तुम्हीच भांडवल पुरवता आणि वर पेंडीच्या उचलीसाठी त्याच्याचकडे हात पसरता. पुढं पुढं गावोगाव बँकेची खाती झाली आणि रोख देण्याची गरज कमी झाली, हे खरं. पण पैसा किती दिवसांनी जमा होतो हा प्रश्न तसाच राहिला.

दुसरी रीत रांगेची. जो आधी आला त्याचं दूध आधी. पाटीलवाडा असो की गावकुसाबाहेरचं घर, रांग एकच आणि सगळ्यांचं दूध एकाच भांड्यात. कुरियन पुढं अनेकदा ही गोष्ट सांगत. आपल्याला ती आज साधी वाटते. १९४८ सालच्या खेड्यात ती साधी नव्हती.

तिसरी रीत फॅटची. इथं जरा थांबून गणित करू या, कारण आपल्याकडची निम्मी भांडणं इथलीच.

नुसत्या लिटरवर पैसे दिले तर काय होतं? दहा लिटर दुधात एक लिटर पाणी घातलं, अकरा लिटरचे पैसे मिळाले. प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. मग संस्था पाणी घालू नका म्हणून पाट्या लावते, सभेत शपथा घेते, तरी पाणी थांबत नाही. आता फॅटच्या वजनावर पैसे द्या. दहा लिटर म्हशीचं दूध, फॅट सहा, म्हणजे ढोबळमानानं सहाशे ग्रॅम फॅट. त्यात लिटरभर पाणी घातलं तर दूध अकरा लिटर होईल, फॅट साडेपाचच्या खाली उतरेल, आणि वजन? तेच सहाशे ग्रॅम. पाणी घालणाऱ्याला फुकटची मेहनत. शपथेचं काम हिशेबानं केलं.

पण फॅटच्या या रीतीत दुसऱ्या बाजूनं चोरीला वाट आहे, आणि ती टेबलामागे बसलेल्या माणसाच्या हातात असते. फॅट दोन पॉइंटनं कमी लिहिली, म्हणजे सहाच्या जागी पाच पॉइंट आठ, तर दहा लिटरमागे वीस ग्रॅम फॅट गेली. एका उत्पादकाला ते कळतही नाही. पण रोजच्या दोन हजार लिटरमागे चार किलो फॅट होते, आणि महिन्याची एकशे वीस किलो. तुपाचा आजचा भाव तुम्हाला माहीत आहे, गुणाकार तुम्हीच करा. मापात पाप म्हणतात ते हे.

आणंदच्या रचनेत यावर तोड होती. गावच्या संस्थेनं गोळा केलेलं दूध संघाकडे जातं आणि संघ आपल्या प्रयोगशाळेत संस्थेच्या दुधाची फॅट पुन्हा काढतो. म्हणजे एका बाजूला गावातल्या सगळ्या उत्पादकांच्या फॅटची बेरीज आणि दुसऱ्या बाजूला संघानं दिलेली फॅट. दोन्ही आकडे संस्थेच्या दप्तरात. संघाकडची फॅट रोजच जास्त येत असेल, तर गावात कुणीतरी कमी लिहितो आहे. रोजच कमी येत असेल, तर वाटेत पाणी पडतं आहे किंवा तपासणीत खोट आहे. हा ताळा घालायला पदवी लागत नाही, सातवी पास पोरगंही घालील. आणि जो पैसा जास्तीचा उरेल तो संस्थेचा, म्हणजे वर्षाअखेर ज्यानं जितकं दूध घातलं त्या प्रमाणात त्याचाच.

आमच्या लहानपणी घरी दोन म्हशी होत्या. आमच्या गावच्या संस्थेत नमुन्याची बाटली चांगली पाव लिटरची होती आणि उरलेलं दूध कुठं जातं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आई मात्र रोज म्हणायची, तेवढ्या दुधात एका लेकराचं होतं. गुजरातेतल्या संस्थांत नमुन्याचं उरलेलं दूध गावातच विकून ते पैसे संस्थेच्या नावे जमा करण्याची पद्धत आहे. आमची ती संस्था पुढं बंद पडली. लेखापरीक्षणात काय निघालं ते कुणी वाचून दाखवलं नाही.

एक गोष्ट गाईवाल्यांसाठी. नुसत्या फॅटवर दर ठरला तर गाईचं दूध मार खातं, कारण तिची फॅट साडेतीन-चार आणि म्हशीची सहा-सात. म्हणून पुढं फॅट आणि एसएनएफ अशा दोन्हींवर दर काढायची पद्धत आली. आपल्याकडे गाईच्या दुधाला साडेतीन-साडेआठचं माप लावतात, ते यातूनच. अडचण मापाची नाही. एक पॉइंट उतरला की किती पैसे कापायचे हे तक्त्यात आहे की घेणाऱ्याच्या मर्जीत, तिथं अडचण आहे. तक्ता भिंतीवर लावलेला नसेल तर मागा.

हिवाळ्यातलं दूध

संघ वाढला तसा एक पेच उभा राहिला. म्हैस हिवाळ्यात उन्हाळ्याच्या अडीच पटीच्या आसपास दूध देते. पुष्टकाळ आणि कृशकाळ आपण म्हणतो तो हा. मुंबईची योजना ठरल्याइतकंच दूध घ्यायची, हिवाळ्यातलं जास्तीचं दूध घ्यायची नाही. मग नोव्हेंबर-डिसेंबरात उत्पादकाला सांगायचं काय? आज दूध आणू नका? ज्या संस्थेनं एकदा असं सांगितलं, तिच्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही. खेड्याच्या संघानं दाराशी आलेलं दूध परत पाठवायचं नाही असं ठरवलं, आणि त्या एका निर्णयासाठी अख्खा कारखाना उभा करावा लागला.

जास्तीच्या दुधाची पावडर करायची, म्हणजे ते उन्हाळ्यात वापरता येईल. यात अडचण अशी, की जगातली पावडरीची यंत्रं गाईच्या दुधावर बेतलेली. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, घट्टपणा जास्त, त्याची पावडर होणार नाही असं परदेशी तज्ज्ञांचं मत. हरिचंद दलाया नावाचे एक डेअरी इंजिनिअर संघात होते. त्यांनी प्रयोग करून म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली. युनिसेफनं यंत्रसामग्रीला मदत दिली, न्यूझीलंडकडूनही मदत मिळाली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. म्हशीच्या दुधाची पावडर करणारा हा जगातला पहिला कारखाना.

दलायांचं नाव फारसं कुणी घेत नाही. कुरियन साहेबांचे फोटो सगळीकडे, दलायांचा क्वचित. पण कुरियन स्वतः त्यांचं मोठेपण मान्य करत, हेही खरं.

पावडरीचा हा विषय आपल्यासाठी जुना झालेला नाही. २०१८ साली पावडरीचे भाव पडले आणि आपल्याकडे गाईच्या दुधाचे दर कोसळले, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. २०२३-२४ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. म्हणजे पावडर करणं हा नुसता यंत्राचा प्रश्न नाही. ती कुणाच्या मालकीची, आणि तिचे भाव पडल्यावर तोटा कुणाच्या अंगावर ढकलला जातो, हे बघावं लागतं. खासगी पावडर प्लँटला भाव नसला की तो दूध कमी घेतो किंवा दर पाडतो. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे, तो धंदा करायला बसलाय. उत्पादकाच्या संघाला तसं करता येत नाही, निदान येऊ नये. म्हणून खेड्याच्या संघानं पावडरीच्या जोडीला लोणी आणि चीज असे टिकाऊ माल काढले आणि अमूल हे एकच नाव सगळ्यांवर लावलं. १९७३ साली जिल्ह्याजिल्ह्यांच्या संघांनी मिळून विक्रीसाठी राज्याचा महासंघ केला, तेही याच हिशेबानं. एका संघानं दुसऱ्याच्या मालाचा भाव मुंबईच्या बाजारात पाडू नये.

पुढारी आणि मॅनेजर

आता माणसांविषयी. आणंदची गोष्ट सांगताना सगळे कुरियनांवर येऊन थांबतात. पण त्यांच्या आधी त्रिभुवनदास पटेल होते. काँग्रेसचे कार्यकर्ते, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. संघाचे चेअरमन. गावोगाव फिरून संस्था उभ्या केल्या त्या त्यांनी.

वर्गीस कुरियन मूळचे केरळचे. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले, त्या बदल्यात सरकारची नोकरी करण्याची अट होती. सरकारनं त्यांना १३ मे १९४९ रोजी आणंदच्या सरकारी क्रीमरीत धाडलं. गाव लहान, माणूस ख्रिस्ती, मांसाहारी आणि सडाफटिंग. त्यामुळे भाड्यानं खोली मिळेना, गॅरेजात राहिले. कधी एकदा इथून सुटतो असं त्यांना झालं होतं. क्रीमरीच्या आवारातच संघाची जुनी यंत्रं होती, ती सारखी बंद पडत. त्रिभुवनदास या पोराला बोलावून दुरुस्त करून घ्यायचे. शेवटी कुरियन म्हणाले, हे भंगार टाका आणि नवीन यंत्र घ्या. त्रिभुवनदासांनी पैसे उभे केले आणि यंत्र घेतलं. कुरियनांची सरकारी नोकरी सुटली तेव्हा त्यांनी सामान बांधलं होतं. त्रिभुवनदासांनी त्यांना थोडे दिवस थांबा म्हटलं. ते थोडे दिवस म्हणजे साठ वर्षांच्या वर झाले. २०१२ साली ते वारले, त्या वेळीही घर आणंदलाच होतं.

इथं चेअरमन मंडळींनी कान द्यावा. त्रिभुवनदासांनी काय केलं? जातीचा नाही, गावचा नाही, भाषा येत नाही, अशा माणसाला मॅनेजर केलं, कारण त्याला काम येत होतं. त्याला पगार दिला आणि रोजच्या कारभारात हात घातला नाही. वरून येणारी राजकारण्यांची चिठ्ठीचपाटी स्वतः अंगावर घेतली, मॅनेजरपर्यंत जाऊ दिली नाही. आणि मॅनेजरनंही आपण शेतकऱ्यांचे नोकर आहोत हे जाहीरपणे सांगितलं, आयुष्यभर. चेअरमननं शेतकरी सांभाळायचे आणि मॅनेजरनं डेअरी. आपल्याकडे उलटं होतं. चेअरमन यंत्र कोणतं घ्यायचं ते ठरवतो, ड्रायव्हर कोण ठेवायचा ते ठरवतो, आणि सभासदांना सामोरं जायची वेळ आली की मॅनेजरला पुढं करतो. बिचारा सचिव तरी काय करील, त्याची नोकरी चेअरमनच्या मेहुण्याच्या हातात.

१९६३ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांच्यासह. त्रिभुवनदास सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चेअरमनपदावरून स्वतःहून उतरले. सभासदांनी माणशी एक रुपया काढून त्यांना सहा लाखांची थैली दिली. ते पैसे त्यांनी खेड्यातल्या बायका-मुलांच्या आरोग्याच्या कामासाठी दिले, त्यांच्या नावानं ती संस्था उभी राहिली.

पण सगळं गोडच होतं असं समजू नका. कुरियन साहेब राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचे अध्यक्ष होते १९६५ ते १९९८, म्हणजे तेहतीस वर्षं. गुजरातच्या महासंघाचे अध्यक्षही तितकेच दिवस, आणि २००६ साली संचालकांशी वाद होऊन त्यांना तिथून राजीनामा द्यावा लागला. शेवटी ते कडवटपणे बोलत. माझं मत विचाराल, तर खुर्ची सोडण्याचं जे शहाणपण त्रिभुवनदासांना साधलं ते कुरियनांना साधलं नाही. मोठ्या माणसाबद्दल असं लिहिताना हात आखडतो, पण आपल्या तालुक्यातली किती मंडळी तीस-तीस वर्षं एकाच संस्थेवर आहेत ते आठवून बघा.

आपल्या दारात

महाराष्ट्रात आणंदचा नमुना आला नाही असं नाही. कोल्हापूरच्या जिल्हा संघानं, ज्याला आपण गोकुळ म्हणतो, १९६३ पासून गावोगावच्या संस्था धरून ठेवल्या आहेत. दिवाळीच्या तोंडावर तिथल्या उत्पादकाच्या खात्यावर दूध दर फरकाची रक्कम जमा होते, तेव्हा बाकीच्या जिल्ह्यांतले लोक हेव्यानं बघतात. वारणेचंही नाव आहे. पण पुष्कळ जिल्ह्यांत संघ राजकारणात बुडाले, गावच्या संस्था नावापुरत्या राहिल्या आणि राज्यातलं बरंचसं दूध खासगी डेअऱ्यांकडे वळलं. राज्याच्या महासंघाची, म्हणजे महानंदची, व्यवस्था २०२४ साली राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या हाती द्यावी लागली. त्याच आणंदच्या मंडळाच्या.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. म्हणून आज गावात नवीन शेतकरी उत्पादक कंपनी काढायची म्हटली की लोक विचारतात, हे तरी कशावरून टिकेल? प्रश्न रास्त आहे. २००३ पासून कायद्यानं अशा कंपन्या काढता येतात. २०२० साली केंद्रानं दहा हजार उत्पादक संघटनांची योजना आणली, तेव्हा गावोगाव पाट्या लागल्या. पाटी लावणाऱ्या संचालकांना माझी एवढीच विनंती आहे. शेड, वजनकाटा आणि अनुदानाचा प्रस्ताव यांच्याआधी टेबलाची रीत ठरवा. माल तोलल्यावर पैसे किती तासांत? प्रत कोण ठरवणार, आणि शेतकऱ्याला ती पटली नाही तर दुसऱ्यांदा तपासणी कुठं? घेतलेल्या मालाचं आणि विकलेल्या मालाचं वजन महिन्याला कोण ताडून बघणार? जास्त माल आला त्या दिवशी परत पाठवणार की घेणार? आणि मॅनेजर नात्यातला ठेवणार की कामातला? हळद असो, टोमॅटो असो की सोयाबीन, हे प्रश्न सुटत नाहीत.

बायकांबद्दल एक सांगायचं राहिलं. जनावराचं शेण, चारा, धार हे सगळं घरच्या लक्ष्मीच्या हातचं. आणि संस्थेत खातं कुणाच्या नावावर? सभेला कोण जातं? ग्रामसेवक भाऊसाहेब, महिला बचत गटांच्या बैठकीत हा विषय एकदा काढा. सभासद होण्याचा अर्ज एका पानाचा असतो.

ज्या गावात संस्था चालू आहे त्या गावातल्यांनी एवढं करावं. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेच्या दिवशी नुसतं हजेरीपुस्तकावर सही करून, चहा घेऊन परतू नका. अहवाल आधी मागून घ्या. त्यात दोन आकडे शोधा. वर्षभरात उत्पादकांकडून आलेली एकूण फॅट किती किलो, आणि संघाला किंवा डेअरीला दिलेली किती किलो. अहवालात नसतील तर सचिवाकडे दप्तर असतं. दोन्ही आकडे फळ्यावर खडूनं लिहायला सांगा, एकाखाली एक, आणि वजाबाकी सगळ्यांसमोर करायला लावा.